अकरावा फ्लॅट

शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५. सकाळी साडेदहाला काका-काकू यायचे होते आणि काम सरळ होतं. चिपा बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे तोट्यातले शेअर विकायचे, तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करायचा आणि वर्षाचा कर कमी करायचा. जुलैमध्येच आमचं हे ठरलेलं होतं. मी फाईल काढून ठेवली होती, कोणते शेअर विकायचे त्यांची यादी छापून तयार होती. अर्ध्या तासाचं काम.

काकांनी दार उघडलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "विकायचं कॅन्सल. उलट अजून घेऊ या."

त्यांच्या मागून काकू आल्या. हातात पिशवी, पिशवीत मखरासाठी घेतलेला सोनेरी कागद. गणपती पाच दिवसांवर आले होते.

"अगं, बातमी बघितलीस का? सरकार इंटेलचं मालक झालं!"

मी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, हिल्सबरोत करसल्लागार आहे. चौदा वर्षं झाली. दातांच्या दवाखान्याच्या वर माझी दोन खोल्यांची कचेरी आहे. खिडकीतून रॉन्लर एकर्सकडे जाणारा रस्ता दिसतो, तिथे इंटेलच्या संशोधनाचा आणि उत्पादनाचा मोठा परिसर आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांपैकी सहा-सात घरांचा या ना त्या मार्गाने त्या कंपनीशी संबंध आहे. कोणी आत काम करतं, कोणी निवृत्त झालंय, कोणी तिला यंत्रं किंवा वायू पुरवणाऱ्या कंपनीत आहे. त्यामुळे त्या शेअरचा भाव मला रोजच्या हवामानासारखा माहीत असतो. भाव पडला की लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

आणि तो बरीच वर्षं पडत होता. २००० साली पंचाहत्तर डॉलरपर्यंत गेलेला शेअर, २०२१ मध्ये पुन्हा अडुसष्टच्या आसपास पोचलेला, ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसात सव्वीस टक्के घसरला. त्या वर्षी कंपनीला १८.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. डिसेंबरात मुख्याधिकारी गेले, मार्चमध्ये लिप-बू टॅन आले. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की वर्षअखेरीस मुख्य मनुष्यबळ ७५,००० पर्यंत आणणार. एकट्या ओरेगॉनमधून त्या महिन्यात सुमारे २,४०० जणांना काढत असल्याचं सरकारदरबारी कळवलं गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात घरांसमोर विक्रीच्या पाट्या लागल्या होत्या आणि किराणा दुकानात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला "काय, कसं चाललंय?" विचारायलाही जीभ अडखळायची.

काका त्या लाटेतले नव्हेत. ते सव्वीस वर्षं लिथोग्राफीत होते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नकाशा छापण्याचं जे काम असतं, ते. २०२४ च्या शरदात स्वेच्छानिवृत्ती घेऊन, समाधानाने बाहेर पडले. पण सव्वीस वर्षांत मिळालेले शेअर त्यांनी कधी फारसे विकले नाहीत. ४,२०० शेअर होते. त्यातल्या १,९०० ची सरासरी किंमत पन्नास डॉलरच्या घरातली, आणि बाजारभाव साधारण अर्धा. यातली बोचणारी गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कंपनी शेअर देते तेव्हा ते ज्या दिवशी हातात पडतात त्या दिवशीच्या भावाने पगार धरले जातात आणि त्यावर कर कापला जातो. म्हणजे पन्नास डॉलरवर कर भरून झालेला आणि हातात उरलेले पंचवीस.

तो तोटा एरवी वापरायचा झाला तर पगार-व्याजासारख्या उत्पन्नातून वर्षाला फक्त ३,००० डॉलर वजा होतात. अठ्ठेचाळीस हजारांचा तोटा जिरवायला सोळा वर्षं. काका त्रेसष्ट वर्षांचे. पण त्या वर्षी एक योग जुळून आला होता. मार्चमध्ये त्यांनी बीव्हर्टनमधला भाड्याने दिलेला छोटा फ्लॅट विकला होता, नफा सुमारे ४६,०००. शेअरचा तोटा या नफ्यासमोर ठेवला की दोन्ही जवळजवळ कटतात, आणि केंद्राचा आणि राज्याचा मिळून दहा-अकरा हजार डॉलर कर वाचतो. हे सगळं आम्ही शांतपणे बोललो होतो. काकांनी वहीत लिहून घेतलं होतं.

आणि आता ते खुर्चीत बसायलाही तयार नव्हते.

"पंधरा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष म्हणत होते टॅननी राजीनामा द्यावा. आज म्हणतायत दहा टक्के आमचे. म्हणजे बोलणी झाली, विश्वास बसला. अमेरिकेचं सरकार आहे गं, गल्लीतली पतसंस्था नाही. ते काय कंपनी बुडू देणार?"

घड्याळात पावणेअकरा झाले होते. न्यूयॉर्कचा बाजार आमच्याकडे दुपारी एकला बंद होतो.

इथे मला एक सांगायला हवं. शेअर विका की ठेवा हे सांगायचा परवाना माझ्याकडे नाही. विकले तर कर किती आणि ठेवले तर किती, इथपर्यंत माझं काम. चौदा वर्षं मी ती रेघ पाळत आले. कोणी विचारलं तर "ते तुम्ही ठरवा" म्हणते. त्या दिवशी मी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "काका, बसा. आपण हे नीट बोलू."

मी त्यांना जनरल मोटर्सची आठवण दिली. २००९ च्या जूनमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, सरकारने पैसा ओतला आणि नव्या कंपनीचा ६०.८ टक्के हिस्सा घेतला. कंपनी वाचली, आजही गाड्या बनवते. पण जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही, त्यांचे शेअर रद्दी झाले. सरकारने आपला शेवटचा हिस्सा डिसेंबर २०१३ मध्ये विकला तेव्हा करदात्यांचेही दहा अब्जांहून जास्त डॉलर गेले होते. इंटेल दिवाळखोरीत नाही, प्रकरण वेगळं आहे, हेही मी सांगितलं. मला त्यांना घाबरवायचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की कंपनी वाचणं, तुमचा शेअर वाचणं आणि कोणाची नोकरी वाचणं ही तीन वेगळी खाती आहेत. सरकार पहिल्या खात्यात पैसे भरतंय.

"पण पैसे तर येतायत ना? दहा अब्ज म्हणे!"

"कुठले पैसे, काका? २०२२ च्या चिप कायद्यातून कबूल केलेलं अनुदान आहे ते. ते असंही यायचंच होतं. तेव्हा बदल्यात शेअर द्यायचे नव्हते, आता द्यायचेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी मागच्या कोऱ्या कागदावर दहा चौकोन काढले.

"ही तुमची पुण्यातली सोसायटी समजा. दहा फ्लॅट. जमिनीत प्रत्येकाचा दहावा हिस्सा. गच्ची गळते, म्हणून महापालिकेने एका योजनेतून दुरुस्तीला पैसे मंजूर केले. काही दिले, बरेचसे बाकी. आता महापालिका म्हणते, उरलेले पैसे देतो, पण गच्चीवर अकरावा फ्लॅट बांधा आणि तो आमच्या नावावर करा. गच्ची दुरुस्त होईल. तुमचा फ्लॅटही तिथेच राहील. पण जमिनीतला तुमचा हिस्सा?"

"अकरावा," काका म्हणाले.

"शंभरातले नऊ गेले."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. इंजिनिअर माणूस, आकृती दिसली की आधी ती तपासणार. "पण गच्ची गळतच राहिली असती तर दहाव्या हिश्श्याला तरी काय किंमत होती?" ते म्हणाले. आणि हे त्यांचं म्हणणं खरं होतं, मी ते तिथेच मान्य केलं. मंजूर झालेलं अनुदान टप्प्याटप्प्याने, अटी पूर्ण झाल्यावर मिळायचं होतं. नव्या सरकारच्या मनात ते द्यायचं आहे की नाही याचीच खात्री राहिली नव्हती. कंपनीला रोख पैसा हवा होता. अडलेल्या माणसाने व्यवहार केला तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

मग त्यांनी मला गच्चीपलीकडचं सांगितलं, आणि त्या दिवशीचं सर्वांत मोलाचं बोलणं ते होतं असं मला वाटतं. टेबलावरचा माझा काचेचा पेपरवेट उचलून ते म्हणाले, "समज ही चकती. तीनशे मिलिमीटरची. आत शिरल्यापासून चिप होऊन बाहेर पडेपर्यंत तिला तीन महिने लागतात. शेकडो पायऱ्या. एका थरावर दुसरा थर बसवताना काही नॅनोमीटर इकडेतिकडे झालं की संपलं. ही यंत्रं रिकामी ठेवली तरी खर्च तोच आणि भरून चालवली तरी तोच. म्हणून कारखाना भरलेला लागतो. तैवानवाले, टीएसएमसीवाले, पुढे का गेले? जगातला जो तो त्यांच्याकडे छापायला येतो. रोज छापून छापून त्यांचा हात बसला. आमच्याकडे बाहेरचं मोठं गिऱ्हाईकच नाही." जरा थांबून म्हणाले, "जुलैत कंपनीनेच लिहून दिलंय. बाहेरचं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर चिपा छापायची पुढची चौदा-ए ही पद्धत थांबवावी लागेल. सरकार दहा टक्के घेईल. पण सरकार चिपा छापायला देणार आहे का? ऑर्डर कोण देणार?"

स्वतःच्याच तोंडून हे निघाल्यावर ते गप्प बसले.

मध्येच फोन वाजला. एरवी मी क्लायंटसमोर उचलत नाही. पण नाव बघून उचलला. नागपूरकडची एक मुलगी, वय एकोणतीस. चिप कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत होती, जुलैअखेरीस ती जागा गेली. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात. त्यातले पंचवीस संपले होते.

"ताई, सरकारने पैसे घातले म्हणजे आता ऑर्डरी परत सुरू होतील ना? मला परत बोलावतील का?"

मी म्हटलं, "पैसे आले तरी यंत्रांची खरेदी काही महिन्यांनी दिसते गं. तू त्यावर थांबू नकोस. अर्ज चालू ठेव."

"पण सरकार मालक झाल्यावर माणसं काढणार नाहीत ना?"

काय सांगणार? माणसं कमी करायचं ठरून महिना झाला होता आणि सरकारी हिश्शाच्या आठवडाभराच्या बातम्यांत नोकऱ्यांच्या हमीचा शब्द नव्हता. मी तिला तेच सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला. मग "बरं ताई" म्हणून तिने फोन ठेवला. काकू हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "एकटीच आहे का इथे?" मी मान हलवली. "तिला बुधवारी आरतीला घेऊन ये."

साडेअकरा वाजून गेले. काका अजून त्या कागदावरच्या चौकोनांकडे बघत होते.

शेवटी बोलल्या त्या काकूच. त्या सांगलीकडच्या, काकाही तिकडचेच. काकांच्या हातातलं जुनं पुठ्ठ्याचं फोल्डर त्यांनी घेतलं. शेअर म्हणून जे काही घरात होतं ते सगळं काकांनी त्यात बांधून आणलं होतं. कंपनीची पत्रं, ब्रोकरची स्टेटमेंटं, आणि सगळ्यांत खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद. फिकट गुलाबी, घड्यांवर चिरलेला. वर उसाच्या कांड्यांचं चित्र, खाली गोल शिक्का, मध्ये शाईने वळणदार अक्षरात काकांच्या वडिलांचं नाव. सहकारी साखर कारखान्याचा भागदाखला.

"तात्यांच्या कारखान्यातबी सरकारचा वाटा होता की," काकू म्हणाल्या.

काका काही बोलले नाहीत.

"भागभांडवल म्हणायचे त्याला. तात्या गावात सांगत फिरायचे, सरकारनं भागभांडवल घातलंय, थकहमी दिलीय, आता भ्यायचं कारण नाही. दोन एकराच्या उसाचं बिल त्यांनी तसंच ठेवलं, मागितलं नाही. कारखान्याला अडचण आहे म्हणाले. मग अवसायक आला. धुराडं अजून उभं आहे. बिल आलं का?"

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यातला प्रत्येक शब्द समजतो. राज्य सरकारने सहकारी कारखान्यांत भागभांडवल घालायचं, बँकेच्या कर्जाला थकहमी द्यायची. त्यातून कित्येक कारखाने उभे राहिले, गावं उभी राहिली, हे मी नाकारणार नाही. माझं स्वतःचं इंजिनिअरिंगचं कॉलेज अशाच एका कारखान्याच्या परिसरात होतं. पण सरकार भागीदार आहे म्हणून सभासदाचं देणं सुरक्षित, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तो अर्थ लोकांनी लावून घेतला. तात्यांनी लावला, आणि तीन-चार दशकांनंतर जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवर त्यांच्या मुलानेही लावला.

काका दाखल्यावरून बोट फिरवत होते, शिक्क्याच्या कडेकडेने. मग म्हणाले, "हा मी जपून ठेवलाय तो शेअर म्हणून नाही."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "इंटेलचे शेअरपण तुम्ही असेच ठेवलेत. म्हणून म्हणते, जे विकायचं ठरलं होतं ते विका. बाकीचे ठेवा आठवण म्हणून."

बारा चाळीसला काकांनी माझ्या कचेरीतल्या खुर्चीत बसून, फोनवर, १,९०० शेअर विकले. मी फक्त यादीतले नेमके कोणते ते दाखवत होते. चुकीचे निवडले तर स्वस्तातले जुने शेअर आधी निघतात आणि सगळा हिशेब बिघडतो. भाव मिळाला २४ डॉलर ७० सेंट. "आणि आता तीस दिवस हाच शेअर पुन्हा घ्यायचा नाही," मी बजावलं. घेतला तर वॉश सेल होतो, म्हणजे तोटा त्या वर्षी धरता येत नाही. आणखी घ्यायच्या तयारीने आलेल्या माणसाला हे दोनदा सांगणं भाग होतं. उरलेले २,३०० त्यांनी ठेवले.

त्या दिवशी शेअर साडेपाच टक्के वर जाऊन २४.८० वर बंद झाला.

संध्याकाळी घरी चहा घेता घेता मी कंपनीचं पत्रक वाचलं, आणि दोनदा वाचलं. सरकारला ४३ कोटी ३३ लाख नवे शेअर, प्रत्येकी २०.४७ डॉलरने, एकूण ८.९ अब्ज. त्यातले ५.७ अब्ज चिप कायद्याच्या न मिळालेल्या अनुदानाचे, ३.२ अब्ज संरक्षणखात्यासाठीच्या सुरक्षित चिपांच्या योजनेचे. आधी मिळालेले २.२ अब्ज धरले की ११.१ अब्ज. हिस्सा ९.९ टक्के. संचालक मंडळावर जागा नाही, काही मोजके अपवाद सोडता मत संचालक मंडळाच्या बाजूने. शिवाय पाच वर्षांचं एक वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. कंपनीने दुसऱ्यांसाठी चिपा बनवण्याच्या व्यवसायातली मालकी ५१ टक्क्यांखाली नेली, तर सरकार आणखी पाच टक्के वीस डॉलरने घेऊ शकेल.

चारच दिवसांपूर्वी जपानच्या सॉफ्टबँकेने २३ डॉलरने दोन अब्जांचे शेअर घ्यायचं जाहीर केलं होतं. बाजारात पावणेपंचवीस. सरकारला साडेवीस. माझ्या मनात हे येतंय तोवर काकांचा फोन. "सरकारला आपल्यापेक्षा स्वस्तात मिळाला गं."

माझं मन मात्र दुसऱ्याच ओळीवर अडलं होतं. आधी दिलेल्या २.२ अब्जांच्या अनुदानाला ज्या अटी होत्या, म्हणजे ठरलेलं झालं नाही तर पैसे परत घ्यायचा हक्क आणि जास्त नफा झाला तर त्यात वाटा, त्या अटी रद्द झाल्या. जनतेचा पैसा खाजगी कंपनीला द्यायचा तर जनतेला त्यात मालकी मिळावी, हे मला मनापासून पटतं. फुकट देण्यापेक्षा हे बरं, असं मी आजही म्हणेन. पण अट म्हणजे कामावर ठेवलेली नजर. हा कारखाना उभा करा, या तारखेपर्यंत उभा करा, मग पैसे. ती नजर काढून घेतली आणि बदल्यात घेतला तो गप्प बसणारा शेअर. राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं की या शेअरसाठी अमेरिकेने काहीच मोजलं नाही आणि त्यांची किंमत सुमारे ११ अब्ज आहे. मी रोज लोकांच्या कराचे फॉर्म भरते. ते ८.९ अब्ज कुठून येतात ते मला माहीत आहे. माझ्या टेबलावरून जातात ते.

पुढच्या सोमवारी कंपनीने नियामकाकडे जोखमींची यादीही दिली. २०२४ मध्ये तिचं ७६ टक्के उत्पन्न अमेरिकेबाहेरून आलं होतं. एका देशाचं सरकार मालक झाल्यावर बाकीच्या देशांतल्या गिऱ्हाइकांना काय वाटेल, हा प्रश्न तिथे कंपनीनेच मांडला होता. काका म्हणत होते तीच गोष्ट. गिऱ्हाईक.

बुधवारी, २७ तारखेला, गणपती बसले. मी त्या मुलीला घेऊन काकांकडे गेले. काकूंनी उकडीचे मोदक केले होते, घरात पन्नास माणसं. त्याच रात्री कंपनीच्या खात्यात ५.७ अब्ज जमा झाले, हे दुसऱ्या दिवशी तिच्या वित्तप्रमुखांच्या बोलण्यातून कळलं. मला त्या रात्रीचं वेगळंच आठवतं. आरती झाल्यावर काका त्या मुलीला घेऊन जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसले होते. तिचा बायोडेटा समोर, हातात लाल पेन. "हे काय लिहिलंयस, यंत्र देखभाल? कोणतं यंत्र? व्हॅक्यूम पंप उघडलायस का स्वतः? मग तसं लिही. किती वेळा उघडलास ते लिही." तिने आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. तिच्या पानावरचं जेवण गार झालं, ते काकूंनी दोनदा बदललं.

तिला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नोकरी मिळाली. ॲरिझोनात, फिनिक्सला. तिथे तैवानच्या टीएसएमसीने कारखाना उभारलाय, त्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीत. साठ दिवसांतले बारा-तेरा उरले होते.

१८ सप्टेंबरला एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात बावीस टक्क्यांहून जास्त उसळून ३०.५७ वर बंद झाला. दुपारपासून मी काकांच्या फोनची वाट बघत होते. मनात धाकधूक होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी माझ्या टेबलाशी बसून विकले होते.

फोन संध्याकाळी आला. त्यांनी हिशेब आधीच केला होता. १,९०० शेअर, प्रत्येकी पाच रुपये सत्त्याऐंशी पैसे. सव्वीस वर्षं इथे राहूनही ते घाईत डॉलरला रुपयेच म्हणतात. "अकरा हजार एकशे त्रेपन्न सुटले. आणि कर किती वाचला म्हणालीस?"

"दहा-अकरा हजार."

"हं." मग बराच वेळ शांतता. पार्श्वभूमीला टीव्ही चालू होता. "एनव्हिडिया पैसे घालतंय. पण त्यांच्या चिपा आमच्या कारखान्यात छापणार, असं म्हणालेत का? मी दोनदा वाचलं. तसं कुठे दिसलं नाही."

"मलाही नाही दिसलं."

"ते म्हटले असते तर मी नाचलो असतो." मग आवाज बदलून म्हणाले, "तीस दिवस कधी संपतात गं आपले?"

"एकवीसला. बावीस तारखेपासून घेता येतील."

"बरं. विचारून ठेवलं."

घेतले की नाही, ते मी विचारलं नाही. फेब्रुवारीत ब्रोकरचा १०९९ फॉर्म, म्हणजे वर्षाच्या विक्रीचा कागद, आणि नवं स्टेटमेंट घेऊन ते येतील, तेव्हा दिसेल.